उद्धवरावांनी भरलेली हवा

आमच्या मजल्यावर दोनच दारं आहेत. एक आमचं, एक उद्धवरावांचं. मधल्या जागेत त्यांचं चपलांचं कपाट, आमच्या दोन कुंड्या आणि गेल्या पाडव्यापासून दीड महिना एक सायकल उभी होती. सायकल त्यांच्या मुलाची, रविराजची. पण तिची हकिगत सांगायची तर आधी उद्धवराव कसे माणूस आहेत ते सांगायला हवं.

उद्धवराव मूळचे धाराशिवकडचे. आयटीआय करून पिंपरीला आले, कासारवाडीत चौघांत मिळून एक खोली घेतली आणि मोटारसायकलचे शॉकअप बनवणाऱ्या कंपनीत लागले. कंपनी आधी भोसरीला होती, पुढे निघोज्याला गेली. तिच्यामागे उद्धवरावही गेले. एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बावीस वर्षं शेवटच्या टेबलावर. स्प्रिंग चढवण्याआधीचा प्रत्येक पीस त्यांच्यापुढे यायचा. तो उभा धरायचा, तळहाताने दाबायचा, सोडायचा. वर येताना तो किती वेळ घेतो, मध्येच कुठे पोकळ लागतो का, एवढ्यावरून आत तेल कमी आहे की हवा शिरलीय ते त्यांना कळायचं. दाबल्यावर खालीच राहिला तर तो ‘बसलेला’. बसलेला पीस लाल ट्रेमध्ये. पुढे मशीन आलं, कागदावर आलेख छापून देऊ लागलं, तरी मशीनने पास केलेला पीस उद्धवराव एकदा हाताने दाबायचेच. एकदा त्यांनी मशीनने पास केलेला अख्खा ट्रे बाजूला काढला. साहेब चिडले. उघडून पाहिलं तर निम्म्यांत तेल कमी. तेव्हापासून लाइनवर त्यांना सगळे रिजेक्टराव म्हणायचे, आणि त्यांना ते आवडायचं.

घरी मात्र या नावाचा जाच होता. भाजीवाल्याची वांगी रिजेक्ट, गवंड्याने लावलेली फरशी रिजेक्ट, रविराजचे गणितातले अठ्ठ्याऐंशी रिजेक्ट. यशोदाबाई म्हणायच्या, “ह्यांनी आयुष्यात मला एकटीला पास केलंय. ते पण सासऱ्यांनी परस्पर सही केली म्हणून!”

रविराज आठवीत असताना शॉकअपवाल्या सायकलींची टूम निघाली होती. मागे सीटखाली जाडजूड स्प्रिंग, पुढे दोन नळ्या. आमच्या कॉलनीतल्या तिघा-चौघांकडे तशी होती. रविराजनेही मागितली. उद्धवरावांनी दुकानात जाऊन ती स्प्रिंग तळहाताने दाबून पाहिली आणि म्हणाले, “ही दिखाव्याची हाय. पाय मारलेला सगळा जोर हीच खाऊन टाकती.” तेव्हा ते बरोबरच होते, तशा सायकली वर्षाच्या आत करकरायला लागल्या. रविराजला साधी, बिनशॉकअपची सायकल मिळाली. त्याने ती दहावीपर्यंत मुकाट्याने चालवली. शॉकअप बनवणाऱ्याच्या मुलाची सायकल धडधडते म्हणून मुलं त्याला चिडवायची, हे मला बरंच नंतर त्याच्याच तोंडून कळलं.

आता रविराज चौतिशीचा आहे. चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. जायला दीड तास, यायला दोन. त्या रस्त्यावर गाडीत बसून बसून पोट सुटलं, चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्याच्या बायकोने, करिष्माने, एकदा मला सांगितलं की हा घरी आल्यावर अर्धा तास नुसता भिंतीकडे बघत बसतो. मग कंपनीतल्या चार जणांबरोबर तो रविवारी देहूच्या पलीकडच्या डोंगरावर चालायला जाऊ लागला. तिथे त्याने डोंगर उतरणाऱ्या सायकली पाहिल्या. वर्षभर विचार केला आणि पाडव्याला बाणेरच्या दुकानातून एक घेऊन आला. दोन्ही चाकांना शॉकअप, खडबडीत जाड टायर, बैलाच्या शिंगांसारखं रुंद हँडल आणि बटण दाबलं की खाली जाणारी सीट. यशोदाबाईंनी चाकाला हळदकुंकू लावलं, हँडलला हार घातला. हार चाकात जाईल म्हणून रविराजने तो काढून हातात धरला आणि सायकल खांद्यावर टाकून लहान मुलासारखा जिन्याने खाली पळाला.

वीस मिनिटांनी परत आला तेव्हा आम्ही सगळे खालीच उभे होतो. तो मला म्हणाला, “काकू, आपल्या कोपऱ्यावरचा तो गटाराच्या झाकणाचा खड्डा आहे ना, तो गेलाच!”

“बुजवला? कधी?”

“बुजवला नाही हो. सायकलने गिळला!”

मग तो बोलतच सुटला. पुढचं चाक खड्ड्यात उतरतं, वर येतं, पण हातांना पत्ता लागत नाही. मागचंही तसंच. स्पीडब्रेकरवरून जाताना हातात काठोकाठ भरलेला चहाचा कप असता तरी थेंब सांडला नसता. ब्रेकला एक बोट पुरतं. टायर डांबरावर मधमाश्यांसारखे गुणगुणतात. इतकं बोलताना मी त्याला कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

“चढाला?” उद्धवरावांनी विचारलं.

“चढाला थोडी डोलते. पण इथे एक खटका आहे, तो फिरवला की कडक होते.”

“मग खटका फिरवूनच ठेवायचा.”

“मग शॉकअप कशाला घ्यायचे, पप्पा?” रविराज हसून म्हणाला आणि सायकल त्यांच्यापुढे धरली. “तुम्ही मारा ना एक चक्कर.”

उद्धवरावांनी पायजम्याच्या उजव्या पायाला रबर लावलं आणि निघाले. कोपऱ्यापर्यंत गेले, वळले, खड्ड्यावरून आले. तोंडावर काहीच नव्हतं. उतरून म्हणाले, “ब्रेक चांगले हायत. गिअर पण नीट पडतात. पण ही बसूलालीय.”

“बसायलाच पाहिजे. दुकानात माझं वजन धरून हवा भरलीय त्यांनी. ही शॉकअपवरची रबरी रिंग बघा, मी बसलो की ती इथपर्यंत सरकायला हवी.”

“दुकानदार सांगणारच. त्याला माल खपवायचाय.”

“पप्पा, ही पण रिजेक्ट का?” रविराजने विचारलं. हसतच विचारलं, पण सायकल उचलून जिना चढायला लागला तेव्हा तो हसत नव्हता.

त्याच आठवड्यातल्या शनिवारची गोष्ट. दुपारचे तीन वाजले असतील. रविराज कंपनीत, यशोदाबाई आणि करिष्मा बाजारात. मी दारात बसून कोथिंबीर निवडत होते. उद्धवराव बाहेर आले, चष्मा पुसला, सायकलच्या सीटवर तळहात ठेवून दाबला. मागचा शॉकअप खाली गेला, हळूच वर आला. पुन्हा दाबला. मग म्हणाले, “ताई, जरा हँडल धरता का?”

मी कोथिंबीर बाजूला ठेवून हँडल धरलं. सायकलबरोबर एक छोटा पंप आला होता, त्याला घड्याळासारखा काटा. त्यांनी तो शॉकअपच्या व्हॉल्व्हला लावला. काटा दीडशेच्या थोडा वर थांबला. उद्धवराव उकिडवे बसून पंप मारू लागले. पंप लहान, दर खेपेला काटा जेमतेम हलायचा. कपाळावर घाम आला तरी थांबले नाहीत. काटा अडीचशेच्या पुढे गेला तेव्हा पंप काढला.

“आता दाबा तुम्ही.”

मी दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून सीट दाबली. जागची हलली नाही.

“झालं!” उद्धवराव म्हणाले. मुलाच्या डब्यात आवडीची भाजी भरून झाकण लावलेल्या माणसाचा चेहरा होता तो. “त्याला सांगू नका. उगं वाद घालत बसंल. उद्या डोंगरावर गेल्यावर त्याचं त्यालाच कळंल, कशी चालती ते.”

मी हसून हो म्हटलं. बावीस वर्षं ज्याने शॉकअप तपासले त्याला मी काय सांगणार? पण रविराज त्या दिवशी रिंग दाखवत होता तेव्हा मीही तिथेच उभी होते. मला ते ऐकू आलं होतं.

रविवारी सकाळी नऊला उद्धवरावांकडे फोन आला. डोंगराच्या उतारावर गुडघाभर उंचीची दगडी पायरी होती. बरोबरचे चौघे सायकलवाले तिच्यावरून सहज उतरले. रविराज उतरला आणि मागचं चाक घोड्याने लाथ मारावी तसं उसळलं. हँडलवरून पुढे फेकला गेला. उजव्या खांद्याचं हाड मोडलं, दोन तुकडे. ऑपरेशन करून आत धातूची पट्टी टाकावी लागली. डोक्याला हेल्मेट होतं म्हणून पुढचं निभावलं.

मी शिरा घेऊन भेटायला गेले तेव्हा तो उशीला टेकून बसला होता. उद्धवराव खिडकीशी उभे होते. त्या दिवशी बरोबर असलेला कंपनीतला एकजण आला होता, बरीच वर्षं सायकल चालवणारा. तो प्रेमाने म्हणाला, “भावा, तू अंग कडक केलंस. घाबरलं की माणूस ताठ होतो, आणि ताठ झाला की सायकल फेकते. होतं कधी कधी. एकेकाच्या अंगात नसतं ते.”

रविराजने मान हलवली. तो माणूस गेल्यावर मला म्हणाला, “खरंय त्याचं, काकू. पहिल्या संध्याकाळी किती मऊ वाटली होती! डोंगरावर मात्र एकेक दगड मणक्यात लागत होता. बाकीचे ओरडत, हसत चालले होते. म्हणजे सायकल तीच. मीच घाबरलेलो.”

मी उद्धवरावांकडे पाहिलं. ते खिडकीचा पडदा सरळ करत होते. मी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, “आधी बरा हो, मग बघू,” आणि शिऱ्याचा डबा उघडला.

चार दिवसांनी उद्धवराव आमच्याकडे आले. हातात सायकलची पुस्तिका होती. “ताई, इंग्रजी बारीक हाय. ह्यात हवेचं काय लिहिलंय ते वाचता का?”

मी वाचलं आणि मराठीत सांगितलं. चालवणाऱ्याचं वजन आणि हवा यांचा तक्ता होता. चालवणारा बसल्यावर शॉकअप पाव भागाहून थोडा जास्त खाली गेला पाहिजे, तरच चाक खड्ड्यात उतरून जमीन धरून ठेवतं. हवा जास्त झाली तर शॉकअप जोरात परततो आणि स्वार फेकला जाण्याचा धोका असतो. धोक्याचं वाक्य ठळक अक्षरात होतं. ते मी दोनदा वाचलं, कारण त्यांनी दोनदा वाचायला सांगितलं.

त्यांच्यापुढचा चहा गार झाला. मग म्हणाले, “आमच्या टेबलावर माणूस नसतो हो, ताई. नुसता पीस असतो. माणूस बसल्यावर त्याचं काय होतं ते आम्ही कधी बघितलंच न्हाई.”

मी पुस्तिका मिटली.

“आणि खरं सांगू का? पहिल्या चकरेला मला झोपाळ्यावर बसल्यागत वाटलं. लई आवडलं. आवडलं म्हणूनच शंका आली.”

“रविराजला सांगा, उद्धवराव. तो स्वतःला दोष देत बसलाय.”

“सांगतो. टाके निघू द्या.”

टाके निघाले. मग म्हणाले, हाताची झोळी निघू द्या. झोळी निघाली. मग म्हणाले, कामावर जाऊ द्या, आता कुठं घडी बसतीय. रोज संध्याकाळी ते सायकलवरची धूळ पुसायचे, अगदी टायरच्या खाचांतलीसुद्धा. एकदा मी दार उघडलं तर पुसता पुसता थांबले आणि म्हणाले, “एकतीस वर्षांत माझ्या हातून एक चुकीचा पीस बाहेर गेला न्हाई. पहिला गेला तो ह्याच्या अंगाखाली. कसं सांगू?” मी म्हटलं, जसं मला सांगितलंत तसंच. त्यांनी फडकं झटकलं आणि आत गेले.

मी सांगू शकले असते. हँडल मीच तर धरलं होतं. पण बापलेकांच्या मध्ये आपण कशाला पडायचं, असं म्हणत मीही दिवस ढकलले. शेजारधर्माच्या नावाखाली माणूस काय काय टाळतो!

मग एके दिवशी यशोदाबाईंनी सांगितलं की रविराजने सायकलचा फोटो मोबाइलवर टाकलाय, विकायला. जेवताना उद्धवराव म्हणाले म्हणे, “कशाला विकतोस? राहू दे की.” तर रविराज म्हणाला, “नको, पप्पा. जमत नाही ते आपल्याला. प्रत्येकाचा एक पिंड असतो.” उद्धवरावांनी अर्धी भाकरी ताटात ठेवली आणि उठले. ताटात काही टाकून उठलेलं यशोदाबाईंनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

गिऱ्हाईक रविवारी अकराला येणार होतं. कुदळवाडीचा रिझवान, त्याचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. नऊ वाजता आमची बेल वाजली. दारात उद्धवराव, हातात तो पंप.

“ताई, जरा हँडल धरता का?”

“आता काय करताय?”

“हवा सोडतो. त्यो पोरगा नेईल आणि पहिल्याच उतारावर पडंल.”

“आणि रविराजला कधी सांगणार?”

त्यांनी पंप व्हॉल्व्हला लावला. मी पुन्हा हँडल धरलं. पंपाच्या बाजूच्या बटणाने फुस्स फुस्स हवा सोडत त्यांनी काटा दीडशेच्या वर आणून ठेवला, जिथे तो पहिल्यांदा होता तिथेच.

रिझवान आला तो हसतमुख, तिशीचा, अंगाने भक्कम. रविराजने सायकल खाली नेली. आम्ही सगळेच मागोमाग उतरलो. रिझवानने कोपऱ्यापर्यंत चक्कर मारली, खड्ड्यावरून दोनदा गेला आणि लांबूनच ओरडला, “लोणी आहे, भाऊ, लोणी! असली चीज विकताय कशाला?”

“खड्डा लागला नाही?” रविराजने विचारलं.

“कुठला खड्डा?”

रविराजने हँडल हातात घेतलं. “थांब. एकदा शेवटची मारतो.”

डॉक्टरांनी सपाटीवर चालवायला हरकत नाही म्हटलं होतं. तो हळू निघाला. स्पीडब्रेकरवरून गेला. वळला, पुन्हा त्याच स्पीडब्रेकरवरून आला. मग सीटवरून न उठता त्या गटाराच्या खड्ड्यातून गेला. आमच्यापाशी येऊन थांबला तेव्हा चेहरा उतरलेला होता.

“ही अशी नव्हती,” तो म्हणाला. “डोंगरावर ही अशी नव्हती. ही पहिल्या संध्याकाळसारखी झालीय.”

रिझवान वाकून शॉकअप पाहू लागला. “सर्व्हिसिंग केली का?”

“हातही लावला नाही कुणी.”

मी स्वतःच्या पायांकडे पाहत होते. मग उद्धवराव म्हणाले, “मी लावला. हवा मी भरली होती. गच्च.”

“कधी?”

“शनिवारी. तू डोंगरावर गेलास त्याच्या आदल्या दिवशी.”

“आणि आता?”

“सकाळी सोडली.”

सायकलला स्टँड नव्हतं म्हणून रविराजने ती भिंतीला टेकवली, फार जपून, जणू तीच पडून दुखावली होती. “हवा भरलीत त्याचं काही नाही, पप्पा,” तो म्हणाला. “तुम्हाला वाटलं, भरली. पण दीड महिना, आधी अंथरुणात आणि मग चाकणच्या त्या रस्त्यावर बसून, मी हाच विचार करतोय की मी भित्रा आहे. तुम्ही समोर बसून जेवत होतात.”

“सांगणार होतो रे.”

“रिझवानला पडू दिलं नाहीत. त्याच्यासाठी सकाळी उठून हवा सोडलीत.”

रविराजने माझ्याकडे पाहिलं नाही हे त्याचे उपकार. रिझवान चाचरत म्हणाला, “भाऊ, तुमच्या घरचं काहीतरी दिसतंय. राहू द्या सायकल. मी काही रागावणार नाही.”

“नाही. शब्द दिलाय तुला. घेऊन जा,” रविराज म्हणाला आणि जिना चढून गेला. करिष्मा त्याच्यामागे गेली. यशोदाबाई मात्र नवऱ्याकडे बघत तिथेच उभ्या राहिल्या. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. “एवढं मनात ठेवून भाकरी कशी गेली हो घशाखाली?” एवढंच म्हणाल्या आणि त्याही गेल्या.

रिझवान अवघडून उभा होता. “काका, मी पुढच्या रविवारी येऊ का?”

“न्हाई, न्या.” उद्धवरावांनी खिशातून पंप काढला. “तुमचं वजन किती?”

“ब्याऐंशी.”

“मग ही हवा तुम्हाला कमी पडंल. बसा.”

रिझवान बसला. उद्धवरावांनी रिंग वर सरकवली, त्याला अलगद उतरायला लावलं, रिंग कुठवर आली ते पाहिलं. चार वेळा पंप मारला. पुन्हा बसवलं, पुन्हा उतरवलं. पुन्हा दोन वेळा. त्याची पाठीवरची सॅक बघून म्हणाले, “ती अंगावर घेऊनच बसा. डोंगरावर ती असणारच की.” असं पाच-सहा वेळा चाललं. शेवटी रिंग हवी तिथे थांबली. त्यांनी बोटाने ते अंतर मोजलं, पंप रिझवानच्या हातात दिला आणि म्हणाले, “दर महिन्याला बघायचं. थोडी बसू द्यायची. घाबरायचं न्हाई.”

रिझवान गेला. आम्ही जिना चढू लागलो. गुडघ्यांमुळे उद्धवराव प्रत्येक वळणावर थांबतात. दुसऱ्या वळणावर कठडा धरून म्हणाले, “ताई, रविराजचं वजन किती असंल हो?”

मला माहीत नव्हतं. वर त्यांचं दार लोटलेलं होतं. आत भांड्यांचा आवाज येत होता. उद्धवरावांनी दारावर तळहात ठेवला, पण ढकललं नाही. मी माझ्या घरात गेले. अर्ध्या तासाने कचरा ठेवायला दार उघडलं तर ते चपलांच्या कपाटाला टेकून तिथेच उभे होते.